बगळ्यांची चिंच

अय्युबभाईंनी शेवटची गादी कवेत घेतली, खालून गुडघ्याचा टेका दिला आणि चिंचेखालून ओढत ओढत पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन टाकली. मुलींच्या वसतिगृहासाठी केलेल्या आठ गाद्या होत्या. टाके घालून तयार, संध्याकाळी टेम्पो येणार होता. बाहेर मुकादम अभिमन जाड दोर उलगडत होता आणि त्याचा माणूस नथ्थू, झाडं कापायचं मशीन कमरेला लटकवून, चिंचेच्या बेचक्यापर्यंत पोचलाही होता.

"अजून काही सरकवू का?" अय्युबभाईंनी विचारलं.

"नाही भाई, झालं. तुम्ही फक्त भिंतीकडे उभे राहा."

ते भिंतीकडे उभे राहिले. आत वळून त्यांनी बायकोला, ताजबीला, चार कप चहा टाकायला सांगितला. फार दिवसांनी त्यांचं मन हलकं झालं होतं. जामनेर रस्त्यावरच्या या गावात त्यांच्या वडिलांपासून गाद्यांचं काम चालत आलेलं, आणि ही चिंच त्याच्याही आधीची. आठ महिने तिच्याविषयी तक्रार नसे. पण मृग लागला की बगळे यायचे. आधी दोन-चार, मग शंभरांनी. डोक्यावर केशरी झाक आलेले गायबगळे आणि त्यांच्यासोबत त्यांच्याच जातकुळीतल्या मातकट ढोकऱ्या. काटक्यांवर काटक्या रचून घरटी करायची, आणि तेव्हापासून गणपती उठेपर्यंत खाली चुना सांडल्यासारखी विष्ठा. मासळीचा वास अंथरुणापर्यंत यायचा. मागच्या तीन पावसाळ्यांत अय्युबभाईंनी कितीतरी नव्या खोळी पुन्हा धुतल्या होत्या. डाग निघत नसे. आज पंचायतीला कशी काय बुद्धी झाली, हे त्यांनी विचारलं नाही. विजेच्या तारांसाठी असेल, असं त्यांना वाटलं.

वर मशीन सुरू झालं आणि झाडावरून सगळे मोठे पक्षी एकदम उठले. पांढरा कापूस पिंजून उधळावा तसं आभाळ भरून गेलं. अय्युबभाईंनी कपाळावर हात धरून वर पाहिलं आणि ते चक्क हसले.

मग फांदी आली.

आधी करकरली, मग जरा थांबली, आणि एकदम सगळी मिळून रस्त्यावर आदळली. पाल्याचा चुरा उडाला. तो खाली बसला, तेव्हा मशीन बंद झालं होतं, आणि त्या शांततेत एक आवाज येऊ लागला. कोणी कोरड्या चिपळ्या घाईघाईने वाजवाव्यात तसा. टक्‌टक्‌टक्‌टक्‌. फांदीतून, फांदीखालून, गटाराच्या कडेने, सगळीकडून.

अय्युबभाई दोन पावलं पुढे गेले. पाल्यात काहीतरी हलत होतं. डोक्यावर विस्कटलेले पांढरे केस, मोठी चोच, अंगाला नुसतीच निळसर कातडी. एक पिल्लू मान ताठ करून त्यांच्याकडे बघत होतं आणि त्याचा मागचा अर्धा भाग फांदीखाली होता. त्याच्या शेजारी चार-पाच पडली होती, ती हलत नव्हती. एकाने भीतीने गिळलेलं सगळं ओकून टाकलं होतं, आख्खे नाकतोडे, एक बेडकी. फिकट निळं एक अंडं घरंगळत आलं आणि त्यांच्या चपलेला लागून थांबलं. ते फुटलं नव्हतं.

त्यांना खाली वाकता येईना आणि पायही हलवता येईना.

गल्लीतली माणसं दारात आली होती. चहाचा ट्रे घेऊन ताजबी उंबऱ्यात आली, तशीच उभी राहिली. मग तिने ट्रे ओट्यावर ठेवला, पदर खोचला आणि सरळ त्या पाल्यात जाऊन बसली. एक पिल्लू तिने ओंजळीत उचललं. ते तिच्या अंगठ्यावर चोच मारत राहिलं.

"ऐकता का," ती न वळता म्हणाली, "थांबवा त्यांना."

अय्युबभाई चपलेपाशी थांबलेल्या अंड्याकडेच बघत होते. वर मशीन पुन्हा सुरू झालं. तेव्हा कुठे ते धावले आणि अभिमनचा दंड त्यांनी धरला.

"बंद करा! मुकादम, बंद करा ते!"

अभिमनचाही चेहरा उतरला होता. त्याने वर हात करून नथ्थूला थांबायची खूण केली, पण दंड सोडवून घेत म्हणाला, "भाई, आता थांबवा म्हणता? अर्ज तर तुमचाच आहे."

"माझा?"

"मग? तुमच्या अर्जावरच मंजुरी आहे. म्हणून तर सकाळी तुम्हाला पहिलं सांगितलं." त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला.

अय्युबभाई उर्दू शाळेत शिकलेले. मराठी ते सावकाश वाचत, एकेका शब्दावर थांबत. त्यांनी वाचलं. खाली सहीच्या जागी त्यांचं नाव होतं. तारीख गेल्या मंगळवारची. अक्षर गोल, टपोरं, प्रत्येक ओळ समासाला चिकटून सुरू झालेली. हे अक्षर त्यांनी घरातल्या डब्यांवर पाहिलं होतं, शाळेच्या वह्यांवर पाहिलं होतं. माहेनूरचं. त्यांची लेक, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, सकाळी सहाच्या गाडीने जामनेरला गेलेली.

आणि मजकूर? 'या पाखरांनी आमचे जगणे हराम केले आहे.' 'फांद्या छाटून भागणार नाही, झाड मुळासकट गेले पाहिजे.' 'आम्ही माणसे आहोत की त्यांचे नोकर?' जेवताना, ताटावरून, ते हेच बोलत आले होते. गेल्या सोमवारीसुद्धा बोलले होते. त्यांचं बोलणं तिने फक्त नीट मराठीत उतरवून काढलं होतं.

त्यांनी कागदाची घडी केली आणि तो परत दिला नाही. सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला.

"नाना!" वरून नथ्थूने हाक दिली. तो पारोळ्याकडचा, मुकादमाला नाना म्हणायचा. "ही फांदी अर्धी कापाई गयी. वर तं बठ्ठा पिल्लाच शेतस. काय करू?"

अभिमनने वर पाहिलं. घरट्याघरट्यांतून पिल्लांच्या माना दिसत होत्या. दुसरी फांदी पहिलीहून मोठी होती, थेट रस्त्यावर आलेली. बुंध्यापाशी तिला पांढरी चीर पडली होती आणि वाऱ्याने ती चीर उघडमीट करत होती.

"ठेवता येणार नाही," अभिमन हळू आवाजात म्हणाला. "बाराला शाळा सुटते. पोरांच्या डोक्यावर पडेल. खाली घ्यावीच लागेल."

"दोर बांधून?"

"दोराने सावकाश येईल. पण येईल ती खालीच, भाई."

अय्युबभाई क्षणभर त्या चिरेकडे बघत राहिले. मग शेडमध्ये शिरले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या कवेत गादी होती. फांदीच्या बरोबर खाली, चिखलात, त्यांनी ती अंथरली आणि दुसरी आणायला वळले. तिसऱ्या गादीला शेजारचा शेहजाद टेलर आला. न विचारता त्याने दुसरं टोक धरलं. मग आणखी दोघे आले. आठही गाद्या एकमेकींना चिकटवून पसरल्या गेल्या. वसतिगृहाच्या निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या खोळी, जरा वेळापूर्वीपर्यंत कोऱ्या करकरीत. ताजबीने घरातल्या जुन्या गोधड्याही आणून कडेने टाकल्या.

चार माणसांनी दोर धरला. नथ्थूने उरलेलं लाकूड मशीनने नाही, हातकरवतीने कापलं, थोडं थोडं, मध्ये थांबत. फांदी झुकली, दोराला हिसका बसला, माणसं घसरत पुढे ओढली गेली आणि तिचा सगळा भार गाद्यांवर आला. धप्प असा जाड आवाज झाला, एवढंच.

या खेपेला पिल्लं आली ती जिवंत. सगळी नव्हे. पण बरीच. गाद्यांवर पडून ती आपल्या लांब पायांवर उभी राहायला बघत होती, पडत होती, आणि जवळ येणाऱ्या प्रत्येक हातावर चोच उगारत होती. तोवर भिंतीवर दोन मांजरं येऊन बसली होती आणि वर घारी फिरू लागल्या होत्या. शेहजाद काठी घेऊन पहिल्या फांदीपाशी उभा राहिला.

अभिमन ओट्यावर बसला होता. त्याच्या समोरचा चहा निवला होता.

"आम्हाला झाड म्हणून सांगितलं," तो कोणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाला. "पाखरांचं कोणी बोललंच नाही. मी पण वर नाही पाहिलं."

वनरक्षक हेमलताताई दुपारी दीडला मोटरसायकलवरून आली. तिशीतली, वर्दीतली, कमी बोलणारी. कोणी फोन केला होता, कळलं नाही. तिने आधी मेलेली पिल्लं एका पोत्यावर ओळीने ठेवायला लावली, फोटो काढले. मग जिवंत पिल्लांकडे वळली.

"घरात ठेवू नका," ती ताजबीला म्हणाली. "यांना भरवणं आपल्याला जमत नाही. आई-बाप जमिनीवर उतरून भरवत नाहीत, पण झाडावर असतील तर भरवतात. अर्धं झाड शाबूत आहे ना? टोपल्या आहेत का कोणाकडे?"

टोपल्या गल्लीतून गोळा झाल्या. भाकरीच्या, भाजीच्या, एक कोंबडीची. तळाशी पडलेल्या घरट्यांच्याच काटक्या घातल्या. नथ्थू सकाळी मशीन घेऊन चढला होता तिथेच आता सुतळी दातात धरून चढला आणि एकेक टोपली वर ओढून घेऊ लागला.

माहेनूर आली ती याच वेळी. गल्लीच्या तोंडाशी तिची चाल मंदावली. तिने अर्धी चिंच पाहिली, रस्त्यावरचा पाला पाहिला, मग ते पोतं. दप्तराचा पट्टा तिने दोन्ही मुठींत आवळून धरला. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिने वडिलांकडे पाहिलं.

"टोपली धर," अय्युबभाई म्हणाले.

तिने धरली. टोपलीत तीन पिल्लं होती. वरून आलेली सुतळी तिने टोपलीला बांधली.

साडेचारला हेमलताताईने ओट्यावर बसून पंचनामा लिहायला घेतला. घरटी असलेलं झाड विणीच्या दिवसांत पाडणं हा गुन्हा आहे, असं तिने आवाज न चढवता सांगितलं. मुकादमाचं नाव लिहिलं, मंजुरीचा क्रमांक लिहिला.

"अर्ज कोणाचा?"

माहेनूर दाराला टेकून उभी होती. तिचे ओठ हलले.

"माझा," अय्युबभाई म्हणाले, आणि खिशातला कागद पुढे केला.

हेमलताताईने तो वाचला. दोनदा वाचला. मग पंचनाम्याचा कागद फिरवून त्यांच्यापुढे ठेवला. "इथे सही करा."

अय्युबभाईंनी पेन घेतलं आणि आयुष्यभर करत आले तशी सही केली. उजवीकडून डावीकडे, उर्दूत.

हेमलताताई त्या सहीकडे पाहत राहिली. मग अर्जावरच्या गोल टपोऱ्या मराठी सहीकडे. मग तिने मान वर केली, पण अय्युबभाईंकडे नाही, त्यांच्या मागे दारात पाहिलं.

"मॅडम, मी लिहिलं ते," माहेनूर म्हणाली. "अब्बांना माहीत नव्हतं. सही पण मीच केली."

"लिहिलं तिने," अय्युबभाई म्हणाले. "बोललो मी. वाचा तुम्ही, त्यात तिचा एक शब्द नाही."

हेमलताताईने पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. पंचनाम्यात तिने आणखी दोन ओळी लिहिल्या. त्या काय होत्या, हे त्यांना दिसलं नाही.

"उद्या अकराला कार्यालयात या," ती उठत म्हणाली. "दोघंही."

ती गेली. टेम्पोवाल्याचा फोन वाजून वाजून थांबला. गाद्या रस्त्यावरच होत्या, चिखलाने आणि विष्ठेने माखलेल्या, आणि त्या उचलायचं कोणाच्या मनात आलं नाही.

"तुम्हाला बरं वाटेल म्हणून केलं," माहेनूर म्हणाली. ती वडिलांपासून हातभर अंतरावर ओट्यावर बसली होती. "सांगणार होते नंतर. झाड गेलं की."

अय्युबभाईंनी मान हलवली.

"सकाळी मशीन बघून बरं वाटलंच होतं मला," ते म्हणाले.

तिने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांची नजर वर होती.

शेतांवरून पक्षी परतत होते. नांगरटीमागून, म्हशींमागून, नदीकाठावरून, पिल्लांसाठी आणलेल्या घासाने गळे फुगलेले. चिंचेपाशी येऊन ते नेहमीसारखे उतरायला पंख मागे घेत, आणि जिथे फांदी नव्हती तिथे, रिकाम्या हवेत, पाय पुढे करून धडपडत. पुन्हा उठत. पुन्हा येत. गल्लीतली माणसं दारांत उभी होती. अभिमनची माणसंही अजून गेली नव्हती.

अंधार पडायच्या थोडं आधी एक ढोकरी कापलेल्या फांदीच्या खुंटावर, त्या पांढऱ्या चकतीवर उतरली. तिथून ती मान वाकडी करून शेजारच्या भाकरीच्या टोपलीकडे बघत राहिली. आतून टकटक सुरू झाली. ढोकरी एक पाऊल सरकली, थांबली, आणखी एक सरकली. मग टोपलीच्या कडेवर चढली आणि तिने मान आत घातली.

ती पिल्लं तिचीच होती की दुसऱ्या कोणाची, हे खालून कळायला मार्ग नव्हता.