सहा व्होल्ट, चोवीस अँपिअर

आश्विनातलं पिवळं ऊन पडवीच्या कडेला येऊन टेकलं की जोत्याच्या तांबड्या चिऱ्यावर कोळशाची खरखर सुरू व्हायची आणि त्या खरखरीला वहिनीच्या काकणांची बारीक किणकिण साथ करायची. परसात पोफळींच्या सावल्या लांबत चाललेल्या, मागीलदारी घासलेली भांडी उपडी घातलेली, आणि ही माझी भावजय पदर खोचून, गुडघ्यावर हनुवटी टेकून मुंबईच्या विजेची गणितं मांडत बसलेली. पालीजवळच्या आमच्या वाडीत तेव्हा विजेचा दिवा कुणीच पाहिला नव्हता. तिनेही नव्हता.

मी तिची नणंद, वयाने तिच्याएवढीच. नवरा गेल्यावर मी माहेरी परतले होते, आणि तिचा नवरा, म्हणजे माझा दादा, मुंबईला एका गिरणीत वायरमनच्या हाताखाली होता. दोघींचाही नवरा घरात नव्हता. पण तिचा परत यायचा होता. मला तिचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू?

दादा वायरमनची परीक्षा पास झाला तर त्याला बढती आणि राहायला खोली मिळणार होती, आणि मग तो तिला घेऊन जाणार होता. लग्नाला चार वर्षं झाली होती. त्यातले दोघं एकत्र राहिलेले दिवस तिने मला एकदा बोटांवर मोजून दाखवले, आणि बोटं पुरली नाहीत तरी फार उरलेही नाहीत. दादाच्या बोटांत कसब होतं, आकड्यांशी मात्र त्याचा छत्तीसचा आकडा. वहिनी रत्नागिरीच्या एका शाळामास्तरांची लेक. पावकी, निमकी, दिडकी, सगळे अपूर्णांकांचे पाढे तिच्या जिभेवर. म्हणून तो पत्रातून गणितं धाडायचा आणि ती उत्तरं रीतीसकट उलट टपाली पाठवायची.

विजेचा दाब व्होल्टमध्ये मोजतात, प्रवाह अँपिअरमध्ये. दाबाला प्रवाहाने भागलं की तारेचा रोध मिळतो, दोहोंचा गुणाकार केला की शक्ती. हे तिने मला पोफळींना पाणी लावताना समजावलं. पाटाचा उतार हा दाब, वाहतं पाणी हा प्रवाह, मधे अडकलेला पालापाचोळा हा रोध. असं म्हणत तिने पायानेच पाचोळा बाजूला सारला, आणि पाणी खळखळत पुढे निघालं तेव्हा तिचा चेहरा असा काही उजळला की तो मला आजही दिसतो. दोनशेवीस व्होल्ट आणि चार अँपिअर: भागलं की पंचावन्न, गुणलं की आठशेऐंशी. न पाहिलेल्या त्या उजेडाची मापं तिला आमच्या घरच्या तांदळाच्या मापांइतकी ओळखीची झाली होती.

दादाचा गोंधळ व्हायचा तो एवढाच, की कुणाला कुणी भागायचं? शेवटी कंटाळून तिने लिहिलं, ‘मोठ्या आकड्याला धाकट्याने भागावं, एवढंच ध्यानात ठेवावं.’ दादाच्या पत्रांतले व्होल्ट नेहमीच मोठे असायचे, आणि आमच्या घरात मोठ्यांचा मान आधी हे तर पाळण्यापासून शिकवलेलं. त्या नियमात खोट असेल असं आम्हा दोघींच्याही मनात आलं नाही.

परीक्षेत बॅटरीचं गणित आलं. सहा व्होल्ट, चोवीस अँपिअर. शक्ती त्याने एकशेचव्वेचाळीस वॅट बरोबर काढली. रोध मात्र मोठ्याला धाकट्याने भागून चार ओहम लिहिला. उत्तर होतं पाव. तेवढ्यावरून तो नापास झाला.

“माझा झील भोळा, त्याला कसलं जमतंय!” दादाचं पत्र ऐकून आई डोळ्यांना पदर लावून म्हणाली.

वहिनी ओल्या हातांनीच चुलीपासून बाहेर आली. “आत्याबाई, त्यांची चूक नाय. मी शिकवलं तसंच त्यांनी केलं.”

“तू गो कशाला शिकवाय गेलीस? आता ऱ्हा आणखी वरीसभर हितंच!”

आई रागाने बोलली, पण खरंच बोलली. वहिनी माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, “पावकी तोंडपाठ माझी, वन्सं, आणि मला पाव दिसला नाय!” मग ती रडली, आणि हेव्याचा शेवटचा कण माझ्या मनातून त्या दुपारी निघून गेला.

त्या पावसाळ्यात, आगबोटी बंद आणि टपाल घाटातून रखडत येणारं, तिने सगळी गणितं नव्याने रचली. लहान दाब, मोठा प्रवाह. उत्तरं पाव, अर्धा, पाऊण. नियम बदलून तिने लिहिलं, ‘लहानमोठं पाहू नये. दाब वर, प्रवाह खाली.’ दमट हवेत शाई पसरायची, की ती पुन्हा कोरा कागद घ्यायची.

पुढच्या वर्षी दादाचं पत्र आलं. पास झाल्याचं होतं, खोलीचं होतं, आणि शेवटी चार ओळी होत्या. परीक्षकाने तोंडी प्रश्न विचारले; हे इतकं नीट कुणी शिकवलं, असंही विचारलं. आमच्याकडे नवरा बायकोचं नाव घेत नसे. ‘घरची मंडळी’ म्हणून वेळ मारून नेई. दादाने चारचौघांत, साहेबासमोर, स्पष्ट सांगितलं होतं: सुभद्रा. तेच त्याने पत्रात, मोठ्या अक्षरांत, लिहिलं होतं. वहिनी त्या अक्षरांवरून कितीतरी वेळ बोट फिरवत राहिली. पास झाल्याचं मागाहून तिला मीच पुन्हा वाचून दाखवलं.

ती बोटीने गेली, सुखात राहिली. आता दोघंही नाहीत. जन्मभर मी तिला वहिनीच म्हणत आले. ते नाव घेण्याचा हक्क ज्याने एकदाच बजावला तोही काळाआड गेला. कधीतरी घरात कुणी नसताना मी ते हलकेच उच्चारून पाहते, सुभद्रा, आणि ‘ओ’ यायला लागतो तेवढा वेळ थांबते.