लठ्ठ बुरशी

सगळ्या जगाला झाडं टवटवीत हवी असतात, आणि बुरशीबाईंना ती आजारी हवी होती. नोकरीच तशी, प्रयोगशाळेत झाडांचे रोग अभ्यासायची! काकडीच्या पानांवर डाग पाडणारी एक बुरशी त्यांनी लेकीसारखी सांभाळली होती. घरात कुणी शिंकलं तरी बाई आधी बुरशीला सर्दी झाली का ते बघून येतात, असं नणंद सांगत फिरायची. 'बुरशीबाई' हे नावही तिनंच पाडलेलं.

बाईंचं म्हणणं साधं होतं. बुरशीचा कण पानावर पडला की अंगातली चरबी जाळतो आणि त्या जोरावर पानाची कातडी फोडून आत घुसतो. बाईंनी चरबी जाळणारं एक जनुक बुरशीतून काढून टाकलं. झालं! जेवण अंगावर आलेल्या जावयासारखी बुरशी पानावर नुसती बसून राहिली. बाईंचं नाव झालं. आता त्याच शोधावर मोठा प्रकल्प मिळायचा होता. तपासायला पाहुणे येणार होते. प्रकल्प नाही मिळाला, तर प्रयोगशाळेला कुलूप.

आणि नेमकी तेव्हाच साधी बुरशी, जिचं जनुक जागच्या जागी होतं, तीसुद्धा डाग पाडेना.

बाईंनी फवारलं, प्लास्टिकनं झाकलं, ओल धरली. काही नाही. उलट पानं अशी माजली, की सुपाएवढी झाली म्हणे. काचघराचं दार ढकलायला दोन माणसं लागायची!

"मेल्यांनो, एक तरी डाग पाडा की!" बाई पानांवर ओरडायच्या.

तेवढ्यात नणंदेचा फोन. "वहिनी, माझा काकडीचा वेल पार करपलाय. कधीची औषध विचारतेय. घरचं झाड मेलं तरी तुला सवड नाही!"

"करपलाय?" बाई ताडकन उठल्या. "हात लावू नकोस. आलेच!"

"अगं, एवढा आनंद कसला झालाय तुला?"

वेलावर त्याच जातीची बुरशी होती. बाईंनी ती आणून फवारली, तर आठवड्यात पानांची चाळण. मग जुनी आणि नवी दोन्ही सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. जुनी चरबीच्या थेंबांनी फुगलेली! वर्षानुवर्षं प्रयोगशाळेतल्या गोड खळीवर, या बशीतून त्या बशीत वाढलेली. आयतं खाऊन पानात शिरायचंच विसरली होती.

बाईंना हसू आलं आणि लगेच त्यांनी जुनी वही उघडली. जनुक काढताना त्या बुरशीला अशाच कितीतरी बशांतून फिरवलं होतं. शेजारी तुलनेला ठेवलेली साधी तेव्हा ताजी होती. मग जनुक काढलेली पानावर बसून राहिली ती जनुक गेल्यामुळे, की आयत्या खाण्यामुळे?

मोठे साहेब मात्र खूश. "अहो मॅडम, चांगलंच झालं की! एका ट्रेवर ही ताजी, दुसऱ्यावर तुमची जनुक काढलेली. इकडे डाग, तिकडे स्वच्छ. संपला विषय."

"साहेब, ही पैलवान आणि ती अंथरुणाला खिळलेली. यांची कुस्ती लावू?"

"पाहुण्यांना काय कळतंय!"

"मला कळतंय ना!"

बाई घरी आल्या त्या भांडी आपटतच. नवरा म्हणाला, "साहेब म्हणतात तसं कर की." त्या रात्री आमटीत मीठ पडलं नाही, आणि कुणाची विचारायची छाती झाली नाही.

पाहुणे आले. टेबलावर दोन नाही, तीन ट्रे होते. पहिल्यातली पानं करपलेली. उरलेल्या दोन्हींतली हिरवीगार.

"हा मधला कसला?" एका पाहुण्यानं विचारलं.

साहेब खोकले. बाई म्हणाल्या, "माझी जुनी साधी बुरशी. हिचं जनुक शाबूत आहे, तरी डाग नाही."

"म्हणजे तुमचा शोध..."

"खरा असेल, नसेलही. ताज्या बुरशीतून जनुक काढून बघितल्याशिवाय मी छातीठोक सांगणार नाही."

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि चहा न घेताच निघाले. मंजुरी लटकली. साहेब दारातून एवढंच म्हणाले, "मधला ट्रे झाकला असता तर काय बिघडलं असतं, हो?"

बाईंनी ताज्या बुरशीसाठी करपलेलं एक पान कापलं आणि नवी बशी पुढ्यात ओढली.