वाटेचं जाळं

फीनानं मासे चिरायची सुरी तुळईवरच्या जाळ्यात खुपसली आणि दोन्ही हातांनी खाली ओढली. सालीच्या काढ्यात उकळून तांबडं केलेलं सूत चिवट होतं, पण सुरी जोबनंच, तिच्या नवऱ्यानं, परजून ठेवलेली होती. वरची घडी फाटली, तिच्यामागची फाटली. ती पुन्हा वर हात घाली आणि पुन्हा ओढी. माळ्यावरच्या थंडीत तिच्या तोंडून वाफ निघत होती, आणि वाफेबरोबर जे शब्द निघत होते ते रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणाऱ्या बाईचे नव्हते.

सकाळी हिवाळ्यासाठी हे जाळं माळ्यावर चढवताना जोबनं त्यावर थाप मारली होती. "उंदरांपासून जपलं तर अजून दहा वर्षं मरण नाही याला," तो म्हणाला होता. कॉड माशांना किनाऱ्याकडून सापळ्याच्या दारापर्यंत हाकत नेणारं हे वाटेचं जाळं. दोन उन्हाळ्यांपूर्वी ते पाण्यात सोडताना त्यात विल्फचा पाय अडकला होता आणि त्याच्याबरोबर विल्फ तळाला गेला होता. त्यांचा एकुलता एक पोरगा. त्याला सोडवायला जोबनं जाळं कापलं, आणि मातीच्या दुसऱ्याच दिवशी सुई घेऊन ते सांधायला बसला. पोरगा मेला, जाळ्याला मात्र मरण नव्हतं. फीनाला ते तेव्हाही सहन झालं नव्हतं आणि आजही होत नव्हतं.

शिडी करकरली. तिचा थोरला भाऊ ईसो वर आला. तो जोबच्याच होडीवर वाटेकरी होता. तो ओरडला नाही. त्यानं तिचं मनगट धरलं आणि सुरी गळून पडेपर्यंत पिळलं.

"किती कापलंस?"

"सगळं कापणार आहे."

"आणि मग? माझ्या पोरांना काय दगड उकडून घालू?" त्यानं सुरी उचलली. "खाली जा. तोंड धू, बटाटे चढव. तू इथं आलीच नव्हतीस."

"त्याला कळेल."

"जानेवारीपर्यंत तो याला हात लावत नाही. तोवर मी सांधून ठेवतो. जा म्हटलं ना पोरी."

ती शिडीच्या शेवटच्या पायरीवर असतानाच खांद्यावर दोरांचं वेटोळं घेऊन जोब आत आला आणि तिच्याकडे न बघता वर चढला. मग माणूस पिंपांवर आदळल्याचा आवाज झाला, तशी ती परत वर धावली.

ईसो खाली पडला होता. सुरी अजून त्याच्या हातातच होती. जोबनं ओला दोर त्याच्या तोंडावर दोनदा हाणला, मग बुटानं बरगड्या तुडवल्या. जोब मुळात अबोल माणूस, आणि मारतानाही अबोलच होता. ईसोनं हात उगारला नाही. ओठ फाटून त्याच्या दाढीत रक्त उतरलं होतं.

"बोल. का कापलंस?"

ईसोनं तोंडातलं रक्त थुंकलं. जोबनं खिळ्यावरची लाकडी मोगरी काढली, खुंट ठोकायची. ईसोचं डावं मनगट बुटाखाली दाबलं. ईसो डावखुरा आहे हे अख्ख्या टर्न कोव्ह गावाला ठाऊक होतं. जोबनं बोटांवर तीन घाव घातले. पहिल्या घावाला ईसो ओरडला, दुसऱ्याला ओरडला, तिसऱ्याला नुसता श्वास निघाला.

घाव पडत असताना ईसोची नजर शिडीच्या तोंडाशी उभ्या फीनावर होती. त्यानं मान हलवली, नाही म्हणून. भावानंच गप्प बसवलं असं ती पुढं स्वतःला समजावत राहिली. पण तिला गप्प बसवलं होतं त्या मोगरीनं, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

टर्न कोव्हमध्ये माणूस चोरी करून राहू शकतो, दारू पिऊन पाद्र्याला शिव्या घालूनही राहू शकतो. दुसऱ्याच्या जाळ्यावर सुरी चालवली की त्याचं पाणी तुटलं. ईसोला आता कुणी होडीत घेणार नव्हतं. ख्रिसमसच्या सुमाराला कुणीतरी त्याच्या लहान होडीचा तळ कुऱ्हाडीनं फोडला. त्याच्या थोरल्या मुलाला चार पोरांनी धक्क्यावर धरून बर्फात तोंड खुपसून मारलं, आणि बघणारी मोठी माणसं पाइप ओढत उभी राहिली.

विहिरीवर ईसोच्या बायकोनं, लीयानं, फीनाला गाठलं.

"बर्फ वितळलं की आम्ही चाललो."

"कुठं?"

"जिथं त्याचं नाव कुणी ऐकलं नसेल तिथं. बोटं वाकडी सांधलीत त्याची. चमचा उजव्या हातानं धरतो, तान्ह्या पोरासारखा." लीयानं बादली खाली ठेवली. "तो माझ्याशीसुद्धा बोलत नाही, फीना. तू बहीण आहेस. तूच सांग, का कापलं असेल त्यानं?"

फीनानं आपली बादली उचलली. निम्मं पाणी तिच्या बुटांवर सांडलं आणि घरी पोचेपर्यंत तिथंच गोठलं.

त्या दुपारी तिनं जोबला सांगितलं की जाळं सांधायला ती हात लावेल. तिच्या बापाच्या घरी मुलींनाही सुई चालवता यायची. जोबनं खांदे उडवले. एकट्यानं ते काम मे महिन्यापर्यंत उरकणार नव्हतं, आणि मेव्हण्याचा हात, कोव्हमधला सगळ्यात चपळ हात, त्यानं स्वतःच ठेचला होता.

माळ्यावर शेगडी पेटवून दोघं जाळ्याच्या दोन बाजूंना बसत. वरच्या घड्या सांधून झाल्या, तशी फीना सुरी पोचलीच नव्हती त्या आतल्या घड्या तपासू लागली. तिथं एका ठिकाणी तिचा हात आरपार गेला.

आणखी एक चीर, असं वाटून तिनं सुई उचलली, पण कड हाताला लागली तशी ती थांबली. कडेनं जाड दोरी गुंफलेली होती. गाठी दुहेरी, एकसारख्या, शर्टाच्या काजाला टाके घालावेत तशा. भोक आणखी फाटू नये म्हणून बांधलेलं होतं, बंद मात्र केलेलं नव्हतं. खांदे आवळून एक माणूस सहज निघाला असता. गाठी जोबच्या होत्या, त्या तिनं कुठंही ओळखल्या असत्या.

"हे काय?"

जोबनं मान वर केली नाही. "राहू दे ते."

"इथून मासे निघून जात असतील."

"जातात."

"दोन्ही उन्हाळे?"

"विल्फला काढलं ती जागा. सुई घेऊन बसलो होतो ना मी. नाही झालं बंद माझ्यानं." त्यानं हातातलं सूत दातानं तोडलं. "ईसोनं बघितलं होतं. दोन वर्षांत कुणाला बोलला नाही."

दोन वर्षं फीना या माणसाकडे पाठ करून झोपली होती. तिनं त्या भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं, पूर्ण गोल. तिला रडू आलं आणि त्याचबरोबर भयंकर लाज वाटली.

"जाळं मी कापलं, जोब," ती म्हणाली. "ईसोनं माझ्या हातातली सुरी काढून घेतली. तो सांधायला थांबला होता."

जोब उठला तसं स्टूल उलटलं. त्याची मूठ तिच्या कानाजवळून खांबावर आदळली, बोटांची सालं निघाली. त्यानं पुन्हा मारली, त्याच जागी, मग पुन्हा. लाकडावर रक्त लागलं. मग त्यानं खिळ्यावरची मोगरी काढली.

"मार," फीना म्हणाली. ती मागं सरली नाही.

तो तिला ओलांडून शिडी उतरला. खिडकीतून तिला दिसलं, तो ईसोच्या घराच्या वाटेला लागला होता. ती शालही न घेता धावली.

ती पोचली तेव्हा दार सताड उघडं होतं. लीया पोरांना मागं घालून भिंतीला चिकटून उभी होती. ईसो चुलीपाशी बसून उजव्या हातानं लाकडं सारत होता, डावा हात मांडीवर मेल्यासारखा पडला होता. जोबनं मोगरी त्याच्या मांडीवर ठेवली. मग तो लाकडं फोडायच्या ठोकळ्याशी गुडघ्यांवर बसला आणि त्यावर आपला उजवा हात पसरला. बोटांमधून रक्त ठिबकत होतं.

"तीन," जोब म्हणाला.

ईसोनं मोगरी उचलली. उजव्या हातात ती त्याला नीट धरता येत नव्हती. त्यानं दारातल्या बहिणीकडे बघितलं, मग पुष्कळ वेळ त्या हाताकडे. मग पायानं चुलीचं दार उघडून त्यानं मोगरी आत सारली. दांडा लांब होता, तो बाहेर राहिला.

"फीना, दार लाव," तो म्हणाला. "थंडी आत येतेय."

फीनानं आत येऊन दार लावलं. मोगरी पेट घेऊ लागली. जोबचा हात ठोकळ्यावरच होता, आणि तो उचल असं त्याला कुणी सांगितलं नाही.