आजच न्यावं लागेल

सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी जमिनीवर बसायला कायमची बंदी केली, तेव्हा घरात जेवणाचं टेबल आणायचं ठरलं. आधी एक टेबल होतं, नाही असं नाही. लाकडाच्या भुशाचं, वरून लाकडासारखा दिसणारा कागद चिकटवलेलं. फरशी पुसताना पाणी पायांत मुरत गेलं, पाय पावासारखे फुगले आणि एक दिवस भरल्या पातेल्यासकट ते एका बाजूला बसलं. त्या दिवशी नणंदेने हुकूम सोडला, "या घरात आता भुशाचं काही येणार नाही. भरीव लाकूड, नाहीतर काहीच नको."

ही नणंद चार गल्ल्या सोडून राहायची, पण पाहुणी म्हणून ती कधी आली नाही. भावाच्या घरात चमचा जरी आला तरी तो तिच्या हाताखालून जायचा. लाकडाचं काही दिसलं की बोटाच्या पेराने वाजवून बघायची तिला सवय, म्हणून मुलं तिला टकटक आत्या म्हणत. तिच्या भावाची बायको ही घरातली लहान सून. थोरली जाऊ कधीच वेगळी झाली होती, तरी हिला सगळे धाकटीच म्हणत.

नव्या टेबलांची दुकानं दोघींनी पालथी घातली. एका दुकानात भरीव लाकडाच्या टेबलाची किंमत ऐकून धाकटीच्या नवऱ्याने जवळची खुर्ची ओढली आणि तिच्यात बसूनच घेतलं. विक्रेत्याला वाटलं, गिऱ्हाइकाला खुर्ची पसंत पडली. तेव्हापासून नवरा या मोहिमेतून बाहेर पडला आणि दोघी जुन्या सामानाच्या जाहिराती बघू लागल्या.

अशीच एक जाहिरात धाकटीला सकाळी मोबाइलवर दिसली. सागवानी टेबल, सहा खुर्च्या, आणि किंमत दुकानातल्या पाव हिश्शाएवढी. खाली एकच ओळ होती: आजच न्यावं लागेल, दुपारच्या आत.

तिने फोन लावला. पलीकडून बाईचा आवाज आला, इतका हळू की धाकटीला दुसरा कान बोटाने बंद करावा लागला. बाईने पत्ता सांगितला आणि म्हणाली, "परत फोन करू नका. सरळ या. गाडी घेऊनच या."

"इतकं स्वस्त का असेल, वन्सं?" धाकटीने विचारलं.

"अडली असेल बिचारी. बदली झाली असेल." नणंद पर्स शोधत होती. "अडल्या माणसाशी भाव करायला सोपं जातं. चल."

चौकातून एक टेंपोवाला ठरवला. पन्नाशीचा गृहस्थ, वाटेत अख्खा वेळ आपल्या कंबरदुखीबद्दल बोलत होता. घर तिसऱ्या मजल्यावर आहे हे ऐकल्यावर तो गप्प झाला आणि खालीच थांबला. "आधी बघून घ्या. ठरलं की फोन करा," म्हणाला आणि धाकटीचा नंबर घेतला.

दाराची साखळी न काढता बाईने फटीतून दोघींना निरखलं. मग दार उघडलं, दोघींना आत घेतलं आणि लगेच पुन्हा कडी लावली. पस्तिशीची असेल. केस घट्ट बांधलेले, ऊन असूनही अंगात लांब बाह्यांचा स्वेटर. घर इतकं आवरलेलं होतं की तिथे कोणी राहत असेल असं वाटू नये. सोफ्यावरच्या उशा एका रेषेत, कपाटावर धुळीचा कण नाही, भिंतीवर एकही फोटो नाही. मधोमध ते टेबल होतं.

नणंद सगळं विसरली. तिने टेबल वाजवलं. आवाज बद्द आला, भरलेल्या माठासारखा. मग ती सरळ टेबलाखाली शिरली आणि तिथूनच बोलू लागली. "वरच्या रेषा कडेवरून खाली उतरल्यात बघ. वरून लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असता तर कडेला तुटल्या असत्या. आणि खिळा एक नाही, सगळे सांधे कोरून बसवलेत." तिने एका कोपऱ्याला खांदा लावला. टेबल जागचं हललं नाही. "हे आपल्या नातवंडांना पुरेल."

"माझ्या वडिलांनी केलंय," बाई म्हणाली. "ते सुतार होते."

"मग विकताय कशाला?"

बाई जिन्याकडे कान लावून उभी होती. खाली कोणाचं तरी दार आपटलं तशी तिची मान आत गेली, मारकुट्या मास्तरासमोरच्या पोरासारखी. धाकटीने ते पाहिलं. मग तिचं लक्ष खुर्च्यांकडे गेलं. सहापैकी दोन खुर्च्यांचे पाय मोडून पुन्हा डिंकाने जोडलेले होते. भरीव सागवानाचा पाय सहजी मोडत नाही. तो मोडायला खुर्ची उचलून कशावर तरी घालावी लागते.

नणंद मात्र टेबलाखालून बाहेर येऊन दोन मोडक्या खुर्च्यांवर बोट ठेवून भाव उतरवू लागली. तिचा दोष नव्हता. हातात पर्स आली की तिच्या जिभेला आपोआप धार चढायची.

"जे द्याल ते द्या," बाई मध्येच म्हणाली. "फक्त रोख द्या, आणि आत्ता न्या."

इतक्या चटकन कोणी मान्य करत नाही. नणंदही चरकली आणि पुढचं वाक्य गिळून तिने मनात धरल्यापेक्षा थोडे जास्तच पैसे बाईच्या हातात ठेवले. बाईने ते न मोजता स्वेटरच्या आत सारले.

त्याच वेळी दाराच्या कुलपात किल्ली फिरली. आतून कडी होती, म्हणून दार उघडलं नाही. बाहेर क्षणभर शांतता पसरली. मग दारावर दोन बोटांनी, अगदी हळू, कोणीतरी ठोकलं.

बाईचा चेहरा पांढरा पडला. तरी तिने जाऊन कडी काढली. न काढून चालण्यासारखं नव्हतं, हे तिच्या चालीवरूनच कळत होतं.

आत आलेला माणूस नीटनेटका होता. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट. बूट त्याने दाराशी काढून सरळ रेषेत ठेवले. दार लावून आतून कुलूप फिरवलं आणि किल्ली खिशात टाकली. मग दोघींना नमस्कार केला.

"खाली टेंपोवाला भेटला," तो म्हणाला. "तिसऱ्या मजल्यावरचं टेबल न्यायला आलोय म्हणाला. मी म्हटलं, या मजल्यावर तर आपणच राहतो." तो हसला. "बसा ना. उभ्या का?"

दोघी बसल्या. बसायचं नव्हतं, पण बसल्या. त्याने बायकोपुढे हात केला. तिने स्वतःचा मोबाइल त्या हातावर ठेवला. तो एकेक नंबर बघत गेला. "यातला तुमचा कोणता?" त्याने धाकटीला विचारलं. धाकटीने सांगितला नाही, तरी एका नंबरावर त्याने बोट ठेवलं आणि तिच्या पर्समधला फोन वाजू लागला.

"सापडला," तो म्हणाला. मग बायकोकडे वळला. "पाहुण्यांना चहा कर. साखर बेताची. आणि मग आपण बोलू."

'बोलू' हा शब्द त्याने इतक्या मायेने उच्चारला की धाकटीच्या अंगावर काटा आला. आपण या घरातून निघालो की इथे काय होईल, हे तिला दोन खुर्च्यांच्या पायांकडे बघून लख्ख दिसलं. आणि आपल्याला निघायला मिळेल का, हेही नक्की नव्हतं. नणंदेकडे तिने आशेने पाहिलं. जन्मभर दुकानदारांची बोलती बंद करणारी ती बाई पर्स छातीशी धरून बसली होती.

तेवढ्यात धाकटीचा फोन पुन्हा वाजला. तो टेंपोवाल्याचा होता.

"घ्या की," माणूस म्हणाला. "स्पीकरवर घ्या."

"ताई, काय ठरलं?" टेंपोवाला ओरडून विचारत होता. "माझं दुसरं भाडं थांबलंय."

धाकटी म्हणाली, "ठरलं. वर या. दोघंही या."

"कोण दोघं?"

तो माणूस मान कलती करून ऐकत होता.

"टेबल जड आहे," धाकटी म्हणाली. "एकट्याचं काम नाही. दोघं या."

"बरं, बघतो," म्हणून त्याने फोन ठेवला.

"टेबल विकायचं नाहीये," माणूस शांतपणे म्हणाला.

"नसेल तर राहू द्या," धाकटी म्हणाली. तिने पर्स मांडीवर दाबून धरली. "पण गाडीवाला वर येतोय. त्याला तुम्हीच सांगा. आमचं तो ऐकणार नाही, भाड्यावरून भांडेल."

स्वयंपाकघरात चहा उकळून सांडल्याचा चर्र आवाज आला. कोणी हललं नाही. जिन्यावर पावलं वाजू लागली, आणि त्यांच्या पुढे पुढे कंबरेच्या नावाने चाललेली कुरकुर. टेंपोवाल्याने दारावर थाप मारली ती चांगली दणदणीत.

माणसाला दार उघडावं लागलं. टेंपोवाल्याबरोबर तेलाने माखलेला एक आडदांड गडी होता. खाली पाण्याची मोटर दुरुस्त करत होता, त्याला हा चार पैशांचं आमिष दाखवून घेऊन आला होता. आवाज ऐकून समोरच्या घरातल्या आजोबांनीही दार किलकिलं केलं.

धाकटी उठली. आता नाही तर कधीच नाही, एवढंच तिला कळत होतं. ती सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ताई, चला. तुम्ही आमच्याबरोबर येणार होतात ना?"

बाई गॅससमोर उभी होती. ती नवऱ्याकडे बघत राहिली. धाकटीला वाटलं, ही येत नाही. मग नणंद उठली. तिने बाईचा दंड धरला आणि बाजारातून हट्टी पोरीला न्यावं तशी तिला ओढत चालू लागली. दंड धरताच बाई कळवळली, तेव्हा नणंदेने दंड सोडून मनगट धरलं.

दारात तो माणूस उभा होता. बाजूला व्हायला त्याने वेळ घेतला. टेंपोवाला एकदा त्याच्याकडे, एकदा त्या तिघींकडे बघत होता. मोटरवाला गडी उंबऱ्यात पाय रोवून उभा होता. त्याला काय समजलं होतं कोण जाणे, पण तो हलला नाही.

"जाऊ दे," माणूस शेवटी म्हणाला. "येईल परत. पायात चप्पलसुद्धा नाही तिच्या."

तिघी जिना उतरल्या. धावायचं नाही असं धाकटीने मनाशी घोकलं होतं, कारण आपण धावलो तर तोही धावेल असं तिला वाटत होतं. दुसऱ्या मजल्यावर पोचल्या तेव्हा वरून त्याचा आवाज आला, तसाच मऊ. "ताई, टेबल राहिलं तुमचं."

टेंपोत पुढे तिघांचीच जागा. धाकटी मागे मोकळ्या हौद्यात दोरखंड धरून बसली. एक राखाडी गाडी मागे लागली. टेंपो डावीकडे वळला, ती वळली. पुढे पुलाखालून वळला, तीही वळली. काचेवर ऊन होतं, आतला माणूस दिसत नव्हता. धाकटीने ड्रायव्हरच्या मागची पत्र्याची भिंत बडवली, पण आवाज पुढे पोचला नाही. सिग्नलला गाडी अगदी शेजारी येऊन थांबली. आत एक म्हातारं जोडपं रस्ता चुकल्यावरून एकमेकांशी वाद घालत होतं. धाकटीला हसू आलं आणि लगेच रडूही आलं.

बाईला तिच्या मावशीच्या गावी जायचं होतं. दुपारची बस होती, म्हणून तर दुपारच्या आत. बस स्टँडवर उतरल्यावर तिने स्वेटरमधून पैसे काढले आणि नणंदेपुढे धरले. "टेबल तुम्हाला मिळालं नाही."

नणंदेने तिची मूठ मिटवली. घासाघीस करताना वापरायची तोच करडा आवाज तिने काढला. "टेबल तुमच्या वडिलांचं. तुम्ही विकलंत, मी घेतलं. मी नेलं नाही, तो माझा आळस. व्यवहार झाला तो झाला." मग तिने पायांतल्या चपला काढून बाईसमोर सरकवल्या. "मोठ्या होतील. सांभाळून चाला."

बस नजरेआड होईपर्यंत दोघी खांबाआड उभ्या होत्या. मग नणंद अनवाणी पायांनी रिकाम्या टेंपोत बसली. टेंपोवाल्याने भाडं घेतलं, पण कंबरेबद्दल तो एक अक्षर बोलला नाही.

घरी सगळं सांगून झाल्यावर धाकटीच्या नवऱ्याने पैशांबद्दल काही विचारलं नाही. "त्याच्याकडे आपला पत्ता आहे?" एवढंच म्हणाला.

"नंबर आहे."

दुसऱ्याच दिवशी फोन आला. आवाजात राग नव्हता. "टेबल पडून आहे, ताई. तुम्हाला जमत नसेल तर मीच आणून देतो. फक्त पत्ता सांगा." रोज यायचा तो फोन. शेवटी नवऱ्याने तो घेतला आणि "आम्ही दुसरं टेबल घेतलं, पुन्हा फोन केलात तर पोलिसांत जाऊ," असं सांगितलं. त्यानंतर फोन थांबले. पण वाजणाऱ्या फोनपेक्षा तो न वाजणारा फोन धाकटीला जास्त छळू लागला. बोलत होता तोवर निदान तो फोनवर आहे हे तरी कळत होतं.

बाईचा एकदाच फोन आला, अनोळखी नंबरावरून. पोचले, बरी आहे, शिवणाचं काम मिळालं, म्हणाली. गावाचं नाव तिने सांगितलं नाही आणि धाकटीनेही विचारलं नाही. माहीत नसलेलं कोणाच्या धाकाने तोंडातून निघत नाही.

पुढे टेबलही आलं. पाडलेल्या इमारतीच्या जुन्या चौकटी विकणाऱ्या वखारीत नणंदेने लाकूड निवडलं आणि तिथल्याच सुताराकडून साधं, चौकोनी टेबल करून घेतलं. खुर्च्यांना पैसे उरले नाहीत, म्हणून दोन बाकं केली. सासूबाईंसाठी तेवढी पाठीची खुर्ची आहे. त्यांचे गुडघे आता बरे आहेत.

जेवताना कधी दार वाजतं. मुलं उठायला बघतात. सासूबाई त्यांना हाताने खाली बसवतात आणि धाकटीला म्हणतात, "आधी विचार कोण आहे ते."

धाकटी दाराशी जाऊन विचारते. बाहेरून शेजारीण नाव सांगते, आवाज ओळखीचा असतो. तरी कडी काढायला तिला थोडा वेळ लागतो.