थेट लाइन

"आतल्या आत थेट बोलता येतं ना?" ऑफिसच्या टेलिफोन ऑपरेटर ताईंनी विचारलं.

"बटण दाबलं की पलीकडच्या केबिनमध्ये. मधे कुणी लागत नाही," फोनवाला म्हणाला.

"मग हीच घेऊ."

आर्किटेक्ट भावांच्या त्या ऑफिसात नवी फोन यंत्रणा निवडायचं काम ताईंवरच आलं, कारण दोघे भाऊ एका टेबलाशी बसायला तयार नव्हते. केबिनींच्या मधे नुसती प्लायवूडची भिंत, पण भावांचं बोलणं कित्येक वर्षं ताईंच्या मार्फत चाले. थोरले म्हणत, "त्या गाढवाला सांगा, जिना चुकलाय." ताई धाकट्यांना सांगत, "दादांना वाटतं, जिना एकदा बघून घ्यावा." ताकास तूर लागू देत नसत. आता मात्र त्या थकल्या होत्या. सख्खे भाऊ आहेत, एकदा थेट बोलायला लागले की होईल सगळं सुरळीत, असं त्यांना मनापासून वाटलं. भाबडेपणा, दुसरं काय!

फोन बसले त्याच दुपारी थोरल्यांनी बटण दाबलं. मग दोघांचेही आवाज भिंतीबाहेर आले. थोड्या वेळाने धाकटे ताईंच्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"ताई, बाबा गेले तेव्हा मी हे ऑफिस सोडत होतो. दादा 'चुकलो, राहा' म्हणाला, असं तुम्ही येऊन सांगितलंत. आत्ता त्याला विचारलं, तर म्हणतो, मी असं कधी म्हटलं?"

ताईंनी समोरचं रजिस्टर मिटलं.

"खरं काय म्हणाला होता तो?"

"'जाईना का' म्हणाले होते."

धाकटे समोरच्या खुर्चीत बसले. "म्हणजे जन्मभर मी तुमच्या शब्दावर राहिलो." ते चिडले असते तर ताईंना सोसलं असतं. पण त्यांनी शांतपणे बॅग उचलली. "दादाला सांगा, मी जातो."

थोरले नकाशावर वाकून बसले होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "काय म्हणाला?"

'येतो म्हणाले' हे ताईंच्या जिभेवर तयारच होतं. त्यांनी ते गिळलं.

"जातो म्हणाले."

थोरल्यांची पेन्सिल थांबली. नव्या फोनकडे बघत ते म्हणाले, "बटण होतं की त्याच्याकडे."