चार नंबरचं नाव

“शिव्या घाला ना काका! तीस सेकंद आहेत!” मी फोन धरून ओरडले.

ग्रेगोरकाका गोलपोस्टसमोर टेक्सासमधल्या प्लेनोच्या उन्हात उभे. इथलं मैदान सांभाळतात, मला गोलकीपिंग शिकवतात. मी शाळा सोडल्यावर लेक्चर न झाडणारा हा एकच मोठा माणूस.

त्यांच्या स्लोव्हेनियात दरवर्षी बेस्ट फुटबॉलर निवडतात. मतं खेळाडूच देतात. एका वर्षी सगळे म्हणत होते, यंदा ग्रेगोरच. तर मतदानाच्या आठवड्यात त्यांचाच कॅप्टन डामियान सांगत फिरला, ग्रेगोरनं पैसे खाऊन मॅच सोडली. साफ खोटं! काकांना सात मतं पडली. अवॉर्ड डामियानला. काकांनी देश सोडला.

आता येत्या शनिवारी त्याच सोहळ्यात डामियानला जीवनगौरव. आणि काकांकडे मागितलंय काय, तर शुभेच्छांचा व्हिडिओ!

“शिव्या घातल्या तर दाखवणार नाहीत,” काका म्हणाले. “कर रेकॉर्ड.”

त्यांनी जुन्या टीमची नावं घेतली, नंबरासकट. एक, दोन, तीन. मग थांबले, कॅमेऱ्यात रोखून पाहिलं आणि म्हणाले, “पाच.”

“काका, चार राहिला.”

“राहिला नाही. कॅप्टनचा नंबर आहे तो.”

वर्गातल्या मिहीरनं माझ्यावर कॉपीचा खोटा आळ घेतला आणि मी शाळा सोडली, तेव्हा मला हे का नाही सुचलं यार!

शनिवारी दुपारी मैदानावरच लॅपटॉपवर सोहळा लाइव्ह लावला. तिकडे संध्याकाळ. मुलाला मॅचला सोडायला आलेल्या विनीताकाकू डोकावल्या. “रीमा, परत शाळेत कधी जॉइन करतेयस गं?”

“काकू, प्लीज, आत्ता नको!”

व्हिडिओ लागला. हॉलमधले म्हातारे खेळाडू प्रत्येक नावावर टाळ्या वाजवत होते. तीननंतर टाळ्या थांबल्या. कॅमेरा डामियानवर. चेहऱ्यावर हसू तसंच चिकटलेलं. ‘पाच’ ऐकल्यावर मागच्या रांगेत एकजण उठून उभा राहिला. मग दुसरा.

“मेला! मेला तो, काका!” मी नाचायलाच लागले.

काका हसले नाहीत. ते डामियानच्या शेजारी बसलेल्या बाईकडे बघत होते. तिनं मान खाली घातली होती.

“कोण ती? बायको?”

“हो,” काका म्हणाले. “माझी धाकटी बहीण.”

त्यांनी लॅपटॉप मिटला. एक वाजता पोरांची मॅच होती. पांढरा रंग भरलेली हातगाडी ढकलत ते मैदानावर रेघा मारायला गेले. मी मागून बघत होते. रेघ सरळ होती. पार टोकापर्यंत सरळ.