उरलेली पुडी

थोरल्या देवळाच्या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही, असं तंजावरात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. मी पदार्थविज्ञानाचा मास्तर. दरवर्षी मुलांना संध्याकाळी तिथं नेऊन त्याच सावलीत बसवायचो आणि चमत्कारांवर भाषण ठोकायचो. मुलं उकडलेल्या हरभऱ्यांचं सुंडल खात बसायची. निवृत्त झाल्यावर श्रोता एकच उरला, माझी बायको सरोजा. ती सगळं ऐकून घ्यायची आणि देवीपुढं दिवा लावायला उठायची.

तिच्या हृदयाची झडप बिघडली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लवकर करा, थांबणं धोक्याचं आहे. सरोजा म्हणाली, "फूल पाहूं. पांढरं आलं तर सरी, येईन. तांबडं आलं तर मी येत नाही."

आमच्याकडची रीत अशी की एका पुडीत पांढरं फूल बांधायचं, दुसरीत तांबडं. देवीपुढं ठेवून एक उचलायची आणि उरलेली न उघडता कावेरीत सोडायची. मी अक्कल पाजळली. पुड्या स्वतःच बांधल्या आणि दोन्हींत पांढरी तगर घातली. विज्ञानाचा विजय म्हणून स्वतःची पाठही थोपटली.

सरोजाचा हात पुड्यांवर फिरू लागला आणि मला दरदरून घाम फुटला. तांबडं आलं तर? हात कधी जोडले गेले, कळलंच नाही. पांढरं निघालं तेव्हा मी चक्क हुश्श केलं.

ऑपरेशनच्या दिवशी आत नेताना तिनं मला जवळ बोलावलं. "अहो, तांबडं फूल परडींतच राहिलं होतं. मज दिसलं."

मी ओशाळलो. "मग तयार कशी झालीस?"

"दोहोंत पांढरंच, हें तुम्हांस ठाऊक. तरी डोळे मिटून हात जोडलेत! तुमचं तोंड असं भ्यालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मग नाही कसं म्हणूं?"

दार बंद झालं. उरलेली पुडी सदऱ्याच्या खिशातच होती. नदीवर जायला सवड झाली नव्हती. बाकावर बसून ती बाहेर काढली. आत काय आहे, मला पक्कं ठाऊक होतं. दोऱ्यात बोट घातलं आणि तसंच काढून घेतलं. मला फार भीती वाटत होती.

ऑपरेशन नीट झालं. झडप, सर्जनचा हात, औषधं, सगळं मी नातेवाइकांना शास्त्रशुद्ध समजावून सांगितलं. मग बसनं तिरुवैयारूला गेलो आणि पुडी कावेरीत सोडली.

उघडली नाही. उगाच कशाला!